ठेवून द्यायला सांगितलेला फॉर्म

“हे आमच्या सोसायटीले दिल्लीहून आलं,” देवाजी म्हणाले. “कागदात तुमचं नाव, नागपूरचा पत्ता. म्हटलं, आपलाच माणूस आहे, विचारून पाहू.”

ते उमरेडहून बसने आले होते. त्यांच्या विणकर सोसायटीतले सगळे घरच्याच मागावर रेशमी साड्या विणायचे. मी नेमका त्यांच्या विरुद्ध बाजूचा सल्लागार होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

माझा क्लायंट म्हणजे रेशमाचा धागा बनवणारी मिल. विदेशी धागा स्वस्तात येतो, आमचा खपत नाही, त्याच्यावर जादा आयात ड्यूटी लावा, असा अर्ज मीच केला होता. बाहेरचा माल महागला की इथली मिल तगते, कामगार टिकतात. यात खोटं काही नाही. पण मग मिल तरी आपला धागा स्वस्त कशाला ठेवेल? विणकराला दोन्हीकडून महागच. फरक एवढाच, की मिल बंद पडली तर गेटवर मोर्चा निघतो, पुढारी धावत येतात. माग बंद पडला तर घरच्यांनाच कळतं. म्हणून ड्यूटीआधी सरकार धागा वापरणाऱ्यांना फॉर्म पाठवून त्यांचं म्हणणं विचारतं. इंग्रजीत.

मी बाहेर जाऊन मिलच्या डायरेक्टरांना फोन केला.

“उत्तर गेलं नाही तर आपल्याला बरंच,” ते म्हणाले.

आत येऊन मी देवाजींसाठी चहा मागवला. “फॉर्मॅलिटी आहे. ठेवून द्या.”

“मंग आमाले काही करा नाही लागत?”

“नाही.”

सुनावणीत मी लिहून दिलं, वापरणाऱ्यांची हरकत नाही. ड्यूटी लागली. डायरेक्टरांनी पेढे पाठवले. ते मी खाल्लेही.

काही महिन्यांनी देवाजी परत आले. धागा परवडेना, घरचे दोन्ही माग बंद. आता ते कोराडीला वॉचमन होते. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी तोच फॉर्म काढला. एक घडीही मोडली नव्हती.

“तुमी ठेवून द्या म्हटलं, तं जपून ठेवला. आता भरून देला तं चालन का, साहेब?”

मला मान वर करवेना. “मुदत संपली,” एवढंच म्हणालो. मी कोणाचा माणूस आहे, ते तेव्हाही सांगितलं नाही. लाज वाटत होती, आणि सांगायची हिंमत त्याहून कमी होती.

“जाऊ द्या,” देवाजीच मला म्हणाले. “तुमी तरी काय करान.”

तेव्हापासून सुनावणीत मी ‘हरकत नाही’ असं लिहीत नाही. ‘उत्तर आलं नाही’ असं लिहितो. ड्यूटी तरीही लागते.