सगुणाक्कांची अंधारी खोली

पाचोऱ्याहून आलेला टांगेवाला दारातच थांबला. सगुणाक्का पहाटे झोपेतच गेल्या, एवढंच तो म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि रिकामा तांब्या आत नेऊन ठेवला. ज्या बाईंमुळे मी पंधराव्या वर्षी मेले नाही, त्यांच्या शेवटाला मी जवळ नव्हते.

तेव्हा मला आठवा महिना लागला होता. भडगावजवळचं आमचं खेडं, घरी कापसाची शेती. पाय इतके सुजलेले की जोडवी रुतायची. एका दुपारी चुलीपाशी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्यांचा अर्धा चेहराच नव्हता. एक डोळा, अर्धं कुंकू आणि पलीकडे नुसता लखलखता उजेड. मी ते हळूच सासूबाईंना सांगितलं. आदल्या वर्षी माझ्या थोरल्या जावेनेही असंच काही सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी तिची दातखीळ बसली, अंग कमानीसारखं ताठलं आणि पोटातल्या बाळासकट ती गेली. आता तीच मला न्यायला आली आहे, असं घरात ठरलं. भगताला बोलावणं गेलं. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. रिकाम्या ओसरीवर कुणी चालल्याचा आवाज मला ऐकू यायचा.

सगुणाक्का पाचोऱ्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्या दिवशी शेजारच्या बाळंतिणीला पाहायला आल्या होत्या. कुजबूज ऐकून भगताच्या आधी आमच्याकडे शिरल्या. माझ्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. मग माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर धरली. पाहता पाहता ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळली.

“पोरले भूत नही लागनं,” अक्का म्हणाल्या. “तिना रगतना दाब वाढेल शे. आते तिले दवाखानामा लई चला.”

सासूबाई हलेनात. तेव्हा अक्कांनी खालच्या आवाजात आपल्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. ती चौदा वर्षांची, पोटुशी होती. तिला झटके येत असताना भगताने मिरच्यांची धुरी दिली, आणि तिचे पाय ज्यांनी दाबून धरले होते त्या स्वतः अक्काच होत्या. ती वाचली नाही. ते ऐकून सासूबाईंनीच गाडी जुंपायला सांगितली.

अशा पोरींसाठी अक्कांनी दवाखान्यामागे एक खोली भाड्याने घेतली होती, तिथे मला निजवलं. खिडकीला घोंगडी, एक खाट, बोलायला मनाई. उजेडाने, आवाजाने झटका येऊ शकतो, म्हणून त्या अनवाणी वावरायच्या. अंधारात फक्त त्यांचा श्वास जवळ यायचा... डॉक्टरांनी सुया टोचल्या, चौथ्या दिवशी कळा आणून मला मोकळं केलं. मुलगी झाली, वीतभर. कापसात गुंडाळून जगवली.

पुढे मी अक्कांबरोबर गावोगाव हिंडले. झटके अचानक येत नाहीत, आधी निरोप धाडतात, असं त्या आयाबायांना सांगत. डोकं दुखलं, तोंड सुजलं, नजरेपुढे काजवे आले, की थांबू नका. पोर अंगाने भरल्याशिवाय तिला सासरी धाडू नका, म्हणून तर त्या लोकांच्या पायाही पडत. सगळ्या पोरी वाचल्या नाहीत. गेलेल्यांची नावं त्या कधी कधी एकट्याच पुटपुटत बसायच्या.

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी मी खोली रिकामी करायला गेले. भर दुपारी पायरीवर एक पोर डोळ्यांवर पदर ओढून बसली होती. सातवा महिना लागला असेल तिला. कुलूपबंद दाराकडे बोट दाखवून म्हणाली, “आतमा कोनी बाई शे. माले बलाई ऱ्हायनी.”

आतून बाई बोलावते म्हणणं हा आजाराचाच खेळ, हे मला ठाऊक होतं. तरी किल्ली फिरवून आधी मीच आत डोकावले. आत कुणी नव्हतं. तिने विचारलं, अक्का कुठे आहेत?

“मीच अक्का. आडवी हो,” मी म्हटलं, आणि शेजारणीला डॉक्टरांकडे पिटाळलं.

महिनाभराने ती पोर बाळ घेऊन घरी गेली. खोली मी अजून सोडलेली नाही.