रंजूला लागलेली चव

१४ ऑक्टोबर, मंगळवार. डबे भरून गाडीत चढवले, पातेली घासायला टाकली आणि मी हॉस्पिटलला निघाले. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवसापर्यंत मी असल्या गोष्टींना हसत आले होते. गावात कुणाच्या अंगात आलं की माझा पहिला प्रश्न असायचा — हिने सकाळपासून काही खाल्लंय का? अजूनही मी भूतबित मानत नाही. पण जे झालं ते एकदा नीट मांडून बघायचंय, म्हणून इथं लिहितेय. कुणाला उलगडा झाला तर सांगा.

आम्ही निघोज्याचे. घरची मेस आहे, आसपासच्या कंपन्यांत डबे जातात. स्वयंपाक माझा, आणि धाकटी जाऊ रंजना माझा उजवा हात. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव घेत नाही. सासूबाईंची शिस्त. त्यामुळे मीठ-तिखट मी हाताच्या अंदाजानेच घालते. नैवेद्य झाला की माझे दोन्ही हात डबे भरण्यात गुंतलेले, म्हणून चव बघायचं काम रंजूचं. तळहातावर आमटीचा थेंब घ्यायची, जिभेला लावायची, की लगेच निकाल. "ताई, मीठ इसारलात." नाहीतर, "ताई, रातच्याला दादांशी भांडण झालं का वं? लईच तिखट केलंय." मग मी काय ते सुधारायची आणि डबे जायचे.

गणपती उठल्यावर रंजूच्या आतड्याला पीळ पडला. चिंचवडच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, सडलेला भाग कापावा लागला, आणि जोडलेल्या जागेतून गळती सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, तोंडाने पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही. आतड्याला पूर्ण विश्रांती. अन्न थेट रक्तात. मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली आणि वर एक पिशवी टांगली, आत दुधासारखं पांढरं काहीतरी. साखर, प्रथिनं, चरबी, क्षार, सगळं त्यातच. उजेड लागू नये म्हणून पिशवीवर गडद रंगाचं कव्हर. सिस्टर त्याला टीपीएन म्हणायच्या. रंजू म्हणायची, "माझा डबा आला."

तेवढ्यात त्या पिशव्यांची टंचाई सुरू झाली. हॉस्पिटलच्या फार्मसीत विचारलं तर, वरूनच माल येत नाही. आजची आहे, उद्याचं सांगता येत नाही, बाहेर मिळाली तर आणा. भाऊजी — रंजूचा नवरा, सुभाष — शिफ्ट सुटली की पुण्यापर्यंत दुकानं पालथी घालायचे. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. म्हणाले, "एखाददुसरा दिवस आम्ही साध्या सलाईनवर काढू. त्यापुढे अंगात ताकद राहिली नाही तर ते टाके भरून येणार नाहीत." रंजूचं मनगट तेव्हा माझ्या दोन बोटांत मावत होतं. म्हणजे सगळं त्या पिशवीवर अडलेलं होतं.

आता मूळ गोष्ट.

असाच एक दिवस मी भेटायच्या वेळेला तिच्यापाशी बसले होते. ती डोळे मिटून पडलेली. मधेच म्हणाली, "ताई, आमटी खारट झालीया आज."

मी म्हटलं, "गप गं. तुला कुणी दिली आमटी?"

"मला कोण देतंय! पर लागतीया की. दोनदा मीठ पडलंय तुमच्या हातून."

तिला गुंगी असेल म्हणून मी सोडून दिलं. बाहेर आले तर आमच्या गाडीवाल्याचा फोन. "मावशी, आज आमटीत समुद्र वतला का काय? समदी पोरं बोंबलत्यात."

रंजू नव्हती म्हणून त्या दिवसांत डबे चव न बघताच जात होते. ठीक आहे. एकदा होतं असं. योगायोग म्हणतात त्याला. पण दोन दिवसांनी तिने सांगितलं, मटकी कच्ची राहिलीय. राहिली होती. मग एकदा म्हणाली, आज सगळं झ्याक जमलंय, दादांना वाढा पोटभर. त्या दिवशी डब्यांत खरंच काही उरून आलं नाही.

मी बिनडोक नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. फोन? तिच्याजवळ फोन नव्हता, त्या वॉर्डात ठेवू देत नव्हते. भाऊजी सांगत असतील? ते कंपनीतून परस्पर यायचे, स्वयंपाकाच्या वेळेला त्या दिवसांत घरात नसायचेच. माझ्या साडीला वास येत असेल? फोडणीचा येईल हो — पण मिठाला कुठला वास? आणि नेहमीच चवीवर बोलणारी बाई, अंदाज बांधत असेल म्हणावं, तर दरवेळी बरोबर कसा येतो? घरी मी कुणालाच बोलले नाही. यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुलाही भरती करू का तिच्याच शेजारी.

तर त्या मंगळवारी मी गेले तेव्हा नवी पिशवी नुकतीच चालू झाली होती. आदल्या संध्याकाळी भाऊजींना ती कुठूनतरी मिळाली होती, सकाळी वॉर्डात देऊन ते कामावर गेले होते. मी स्टूलवर बसले. रंजूने डोळे उघडले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ताई, नासलंय."

"काय नासलंय?"

"दूध. फुटलंय पार. वर त्याल आल्यावानी लागतंय. डबे पाठवू नका."

मी उठून बाहेर गेले, घरी फोन लावला. डब्यांत त्या दिवशी दुधाचं काही नव्हतंच — वांगं, वरण, भात, चपाती. घरातलं दूध तापवायला लावलं, चांगलं निघालं. गाडीवाल्याला विचारलं, तक्रार नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. चुकली एकदाची! म्हणजे बाकीचेही योगायोगच. मी परत आत आले ते तिला चिडवायला.

"रंजू, तुझी जीभ बिघडली गं. दूध छान आहे घरचं."

ती चिडली. "घरचं न्हाई वं!" एवढंच. आणि पुन्हा डोळे मिटले.

मग मी वर बघितलं. त्या खोलीत दुधासारखं दिसणारं एकच काहीतरी होतं, आणि ते थेंब-थेंब तिच्या मानेत चाललं होतं.

सिस्टरना बोलावलं. त्यांच्या हातात तीन पेशंटची कामं. म्हणाल्या, "काय झालं मावशी?"

"ही पिशवी खराब आहे का बघा."

"आत्ताच लावलीय. लावताना बघूनच लावलीय, एक्सपायरी, लेबल, सगळं."

"ते कव्हर वर करून बघा."

"कशासाठी पण?"

आता काय सांगणार? जावेला चव लागतेय म्हणून? मी म्हटलं, "माझी मेस आहे बाई. मला संशय आला तर मी झाकण उघडून बघते. तुम्ही पण बघा."

त्यांनी जरा वैतागूनच कव्हर वर केलं. आणि हात तिथंच थांबला. पांढऱ्या पिशवीत वरच्या अंगाला पिवळसर तेलाचा तवंग धरला होता, बाजूने तेलाचे ओघळ. सिस्टरनी लगेच नळीचा चाप बंद केला, पंप थांबवला आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर आले, पिशवी खिडकीशी धरून बघितली, नळी बदलायला लावली, रंजूचं बीपी आणि ऑक्सिजन तपासला. साखर एकदम खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावलं. मग भाऊजींना फोन करून स्पीकरवर घेतलं.

"पिशवी रात्रभर कुठं ठेवली होती?"

"फ्रीजरमधी ठेवली व्हती साहेब. मेसचा मोठा डीप फ्रीजर हाय ना, त्यात. एवढी वणवण करून मिळाली, म्हणलं खराब नको व्हायला. आईचं इन्सुलिन पण थंडच ठेवतो आम्ही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण आवाज चढवला नाही. त्यांनी समजावलं — यातली चरबी बारीक कणांनी पाण्यात मिसळलेली असते. गोठली की ती फुटते. गोठून वितळल्यावर सुरुवातीला बरी दिसते, मग हळूहळू तेल वेगळं होतं. ते तेल रक्तातून फुफ्फुसात जाऊन अडकू शकतं. तिला अजून फार गेलेलं नाही, हे नशीब. आणि बाहेरून आणलेली पिशवी आधी फार्मसीत दाखवल्याशिवाय यापुढे लावायची नाही, हे त्यांनी सिस्टरनाही तिथंच सांगितलं.

फोनवर भाऊजी नुसतेच रडत होते. मी म्हटलं, "भाऊजी, रडू नका, मशीन बंद करा आणि इकडे या."

नवी पिशवी नव्हतीच. डॉक्टर आणि फार्मसीवाले दुपारभर इकडेतिकडे फोन करत होते. शेवटी रहाटणीच्या बाजूच्या एका हॉस्पिटलने त्यांच्याकडची एक उसनी दिली. फार्मसीतल्या मॅडमने ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितली, मगच संध्याकाळी लावली. मी रंजूकडे बघत होते.

"कसं लागतंय आता?"

"काय लागतंय?"

"चव गं. सकाळी म्हणालीस ना, नासलंय."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू ऑपरेशन माझं झालंय. "मी कवा म्हणलं? ताई, पोटात अन्नाचा कण न्हाई माझ्या. चव कुठनं येती? तुमी झोपत जावा जरा."

खारट आमटी? आठवत नाही. मटकी? तेही नाही. डॉक्टरांना मी गाडीवाल्याच्या फोनसकट सगळं सांगून विचारलं. म्हणाले, काही औषधं शिरेतून गेली तरी तोंडाला चव येते, पेशंट सांगतात तसं. बरं, मग पिशवीचं मानलं. आणि निघोज्यातल्या पातेल्यातलं मीठ कुठल्या शिरेतून गेलं? यावर ते हसले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांचंही बरोबर आहे.

रंजू आता घरी आहे, मऊ भात खाते. मला अजून काहीही उलगडलेलं नाही.

त्या मंगळवारनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते सांगते. डब्यांचा स्वयंपाक नेहमीसारखा केला. घरच्यांपुरती आमटी वेगळ्या पातेल्यात केली आणि तिच्यात मुद्दाम मीठच घातलं नाही. कुणाला सांगितलं नाही. नैवेद्याला डब्यातली आमटी वाढली, या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि हॉस्पिटलला गेले. भेटायची वेळ संपेपर्यंत रंजूच्या तोंडाकडे बघत बसले. ती पोरांच्या शाळेचं बोलली, शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या सुनेचं बोलली, भाऊजींना रागावू नका म्हणाली. उठताना मी विचारलं, "अजून काही सांगायचंय?" म्हणाली, "न्हाई. जावा तुमी, घरची जेवायची थांबली असतील."

मी घरी आले, आमटीत मीठ घातलं, पुन्हा उकळी आणली आणि सगळ्यांना वाढली.