आठ घावांचा शब्द

भाजलेल्या शेंगदाण्यांचा खरपूस वास, त्यात मिसळलेला लसणाचा उग्र दरवळ, आणि लोखंडी खलात एका लयीत पडणारे बत्त्याचे घाव... सोलापुरात, भवानी पेठेतल्या आमच्या घरी रविवारची सकाळ अशी उगवायची. शेंगाचटणी कुटायला बसलं की आत्या बत्ता माझ्या हाती द्यायची आणि स्वतःच्या मांडीवर एक जाडजूड फ्रेंच शब्दकोश उघडायची. हो, फ्रेंच! विमा कचेरीत नोकरी करणारी माझी आत्या पुण्यात कॉलेजला असताना ही भाषा शिकली होती, आणि अख्ख्या पेठेत तिच्याशी ती बोलायला काळं कुत्रंही नव्हतं.

मी बोलताना अडखळायचे. 'प' आला की ओठ मिटायचे ते मिटायचेच – आणि माझं नाव पल्लवी!

"निधान गं, निधान," आत्या म्हणायची. 'सावकाश'साठी आमच्या घरात कानडी शब्दच चालायचा. "एका घावाला शब्दाचा एकच तुकडा. एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे ढकलायचं, दोन आली तर मधोमध तोडायचं." मग 'संविधानाच्या विरुद्ध जाऊन' अशा अर्थाचा, तिचा लाडका तो अजस्र शब्द आम्ही कुटायला घ्यायचो : आँ–ति–कोंस–ति–त्यु–स्यो–नेल–माँ... आठ घाव, आणि एकाही तुकड्यावर जीभ अडायची नाही! चटणीला तेल सुटेपर्यंत मी तो शब्द म्हणत राहायचे, अगदी हरखून.

पाचवीत नव्या बाईंनी नाव विचारलं. मी मनातल्या मनात बत्ता उचलला, पण 'प'पाशी सगळं थिजलं. वर्गात हशा पिकला. घरी येऊन मी आत्यावरच भडकले, "काय उपयोग तुझ्या फ्रेंचचा? माझं नाव तर येतच नाही मला!"

ती मुळीच रागावली नाही. "बाई थांबल्या होत्या ना? मग थांबू देत की! नाव तुझं आहे. तू सांगशील तेव्हाच कळणार त्यांना."

काय संताप आला होता मला तिचा! पण खरं सांगते, पुढे त्या एका वाक्याच्या आधारावर मी मुलाखती दिल्या, नोकरी केली, संसार केला. आजही अडखळते. माणसं थांबतात. आत्याचं नावही 'प'चंच, प्रभावती; ते मला उभ्या जन्मात धड म्हणता आलं नाही. 'आत्या' म्हणण्यावर भागत गेलं, आणि तिनंही कधी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दवाखान्यातल्या खिडकीमागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "मयताचं नाव?"

"प्रभावती," मी म्हणाले. एका दमात, स्वच्छ. त्यानं ते लिहूनही टाकलं.

निदान तेव्हा तरी अडखळायला हवं होतं हो मी... तो जरा थांबला असता.