खो मिळेपर्यंत

सुशे, निपाणीच्या स्टँडवर तू माझी वळकटी टपावर चढवायला दिलीस, तेव्हा आतलं लेझीम खुळखुळलं आणि सगळी माणसं वळून बघायला लागली. आईने पदर आणखी पुढे ओढला. लग्नाची पोर एकटी बंगळूरला निघालेली, तीही कवायत शिकवायला! अण्णा तंबाखूच्या वखारीतून तसेच आले होते. म्हणाले, "दोन वर्षं मी सुशीच्या लग्नाचं नाव काढत नाही. तुझी नोकरी कायम झाली की हिला पुढं शिकायला घेऊन जा. त्यापुढं मात्र माझ्या हातात नाही." खो-खोत तू माझ्यापेक्षा कितीतरी सरस होतीस. पण कोल्हापूरला ट्रेनिंगला एकीलाच पाठवणं परवडणार होतं, आणि मी थोरली होते.

तेव्हा राजाजीनगर नुकतं वसत होतं. शाळेचं मैदान म्हणजे दगड वेचून काढलेली मोकळी जागा. मी जिथे खोली घेतली ती माणसं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथली. मालकीणबाई ताटात ताक वाढताना म्हणायच्या, "मराठी उंबऱ्याच्या आत ठेव की अक्का. बाहेर कन्नडच. सरी?" मी मान डोलवायची. निपाणी म्हैसूर राज्यात गेली म्हणून मला ही नोकरी मिळाली, पण निपाणीकरांना कन्नड येतंच असं थोडंच आहे? 'उजवीकडे वळ'च्या जागी 'बलक्के तिरुगु' म्हणायला मी आरशासमोर उभी राहून शिकले.

आठवी-नववीच्या मुली. त्यांना मी काय शिकवलं? ताठ उभं राहायला. श्वास न तोडता धावायला. पडलं तर गुडघा झाडून उठायला. लंगा, म्हणजे आपला परकर, आवळून खोचायला सांगितला की त्यांच्या आया दुसऱ्या दिवशी हजर. ते सगळं निस्तरून रांग जरा सरळ व्हावी, तर नववीनंतर रांगेतली एकेक मुलगी गळायची. लग्न ठरलेलं असायचं. मग जूनमध्ये पुन्हा नव्या मुली, पुन्हा ताठ उभं राहण्यापासून सुरुवात. इतकी वर्षं हेच चाललंय. कंटाळा आला असं म्हणवत नाही, पण थकले आहे.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगते.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर माझं कायम होणं होतं. मी लेझीम बसवलं होतं, शंभरावर मुली. तीन महिने 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु' मोजत होते. पण आपलं लेझीम एकेका ठोक्यावर चालतं आणि हे आकडे लांबट. एरडु म्हणेपर्यंत हात खाली आलेले असायचे आणि रांग मागेपुढे व्हायची. म्हणून सराव करताना मी ठेका धरायला तोंडातल्या तोंडात आपलं मराठीच मोजायची. मुलींना ते ऐकू जातं हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी साहेब खुर्चीत बसले, मुली बिचकल्या आणि चौथ्याच हाताला लेझीम विस्कटलं. आणि मी घसा फोडून ओरडले, "एक, दोन, तीन, चार!" सगळ्या मुली एका क्षणात जुळल्या. इतकं सुंदर लेझीम मी पुन्हा कधी बसवलं नाही. साहेबांनी टाळ्याही वाजवल्या. शेरा मात्र लिहिला: कवायत उत्तम, आज्ञा कन्नडमध्ये नाहीत, पुढील वर्षी पुन्हा पाहावे.

मी घरी लिहिलं, 'सरकारी काम आहे, उशीर होतोच.' अण्णा आपल्या शब्दाला जागले होते, दोन वर्षं थांबले होते. तिसऱ्या वर्षी मला कायम केल्याचा कागद आला, तेव्हा तुझ्या लग्नाला चार महिने होऊन गेले होते. उशीर सरकारचा नव्हता सुशे, माझ्या तोंडाचा होता. मालकीणबाईंनी नीट सांगितलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर तू आठ दिवस राहायला आलीस. मैदानावर मुलींचा खो-खो चालला होता. एक मुलगी कमी होती. तू पदर खोचलास आणि रांगेत, चौकोनात जाऊन बसलीस. एक गुडघा उचललेला, बोटं मातीला टेकलेली, पूर्वीसारखीच. मी पहिल्या दिवशी मुलींना शिकवते तो नियम तुला कोणी शिकवायची गरज नव्हती: पाठीत खो बसल्याशिवाय उठायचं नाही. पण पाहुण्या बाईंच्या पाठीत खो कसा द्यायचा म्हणून मुली तुला वगळून पुढे पळत राहिल्या. पूर्ण डाव तू तशीच बसून होतीस. मी शिट्टी तोंडात धरून उभी होते. 'त्यांना द्या' एवढं म्हणायला काय हरकत होती? डाव संपल्यावर तू साडी झाडत म्हणालीस, "पाय आखडलं बघ ताई. पण बसायला बरं वाटलं."

निपाणी आता मला घर वाटत नाही, आणि ही खोली कधीच वाटली नाही. घर म्हटलं की त्या चौकोनात बसलेली तुझी पाठ तेवढी दिसते.

तुझी लेक शकू जूनमध्ये आठवीत जाईल. तिला माझ्याकडे पाठव. तुझ्या घरच्यांशी मी स्वतः येऊन बोलेन. या वेळी उशीर करणार नाही.