मॅडमची तिसरी राशी

“पोरगी हुशार आहे हो, पण मूग गिळून बसते,” मोरे मॅडम कँटीनमध्ये कुणाला तरी सांगत होत्या. मी खांबाआड समोसा खात होते. खरं तर तेव्हाच पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मी दुसरा समोसा घेतला.

मोरे मॅडम माझ्या पीएचडीच्या गाइड. राहायला बरकतपुऱ्यात, घराणं बिदरकडचं शेतकरी. त्यांच्या मराठीत दखनी ‘हौ’ आणि ‘नक्को’ इतके, की पुण्याहून आलेले पाहुणे नुसतीच मान हलवायचे. विषय मात्र सगळ्यांना सारखाच अवघड. एखाद्या हालचालीत ऊर्जेसारख्या कधीच न बदलणाऱ्या राशी पुरेशा सापडल्या, की ती हालचाल पूर्ण सोडवता येते. लोक आधी हालचाल घेतात आणि अशा राशी शोधण्यात आयुष्य घालवतात. मॅडम आधी बीजगणिताची एखादी रचना घ्यायच्या आणि तिच्यातूनच हालचाल उभी करायच्या. राशी तिला जन्मतःच मिळायच्या.

“कुलूप घेऊन किल्ली धुंडत फिरू नक्को,” त्या म्हणायच्या. “आधी किल्ली घडव. कुलूप काय, मागून बसवता येतं.”

मला हे पटायचं, फक्त तसं सांगता यायचं नाही. इंग्रजी शाळेमुळे माझी शंका इंग्रजीत उगवायची, मॅडमसाठी मी तिचं मराठी करायचे, आणि ते धड होईपर्यंत तास संपायचा. निदान कारण म्हणून मी हेच सांगायचे. इंग्रजीत तरी कुठे बोलायचे मी?

“अगं, फळ्यावर चुकलं तर डस्टर आहे,” मॅडम वैतागायच्या. “छापून आल्यावर कशाने पुसशील?”

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी शेवटचा सेमिनार दिला. नवी रचना, तिच्यातून निघालेल्या तीन न बदलणाऱ्या राशी. तिसरीनेच अर्धा फळा व्यापलेला. तीन वेगवेगळ्या राशी मिळाल्या म्हणजे हालचाल सुटली. पुढच्या रांगेत पेढ्यांचा डबाही उघडला. मी अर्थातच शेवटच्या रांगेत. धाडस नसलेली माणसं आकडेमोड करतात, म्हणून मी साधे आकडे घालून पाहिले. पहिल्या राशीचा वर्ग करून निम्मा केला, की बरोबर तिसरी राशी येत होती. आकडे बदलले. पुन्हा तेच. मग त्यामागचं कारणही दिसलं.

“हौ, कुणाला शंका?” मॅडमनी विचारलं. तोंडं पेढ्यांनी भरलेली. “नाही ना? मग पेपर आजच पाठवते. जाता जाता एक चांगलं काम झालं बघा.” इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एक हात वर गेला. तो माझा आहे, हे मला जरा उशिरा कळलं.

“बोल गं. मोठ्याने.”

“मॅडम, वन मिनिट, पाठवू नका. थर्डवाली इंडिपेंडंट नाहीये. ती पहिलीच आहे, स्क्वेअर करून हाफ केलेली. आपल्याकडे दोनच आहेत.”