लेकरांची सावड

देवीनं माझं ऐकलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लोकांचे अनुभव वाचते तेव्हा त्यांचं सगळं कसं चोख असतं. मागितलं, मिळालं, डोळे भरून आले. माझ्या बाबतीत मागितलं त्याच्या नेमकं उलटं झालं, आणि तरीही त्या दिवसापासून मी रोज शिवेवरच्या देवीपुढे दिवा लावते. लावताना मनात थोडा राग असतो. तो झाकून लिहिणं मला जमणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

आमचं गाव ताडकळसच्या बाजारावर चालणारं, बेताचं. कापूस वेचणीला आला की घरात बाईमाणूस राहत नाही, आणि लहान लेकरं कुणाजवळ ठेवायची हा घोर प्रत्येक घरात लागतो. शेतात जशी माणसं सावडीनं राबतात, म्हणजे आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या, तशी आम्ही गल्लीतल्या आयांनी लेकरांची सावड केली होती. रोज एकीनं घरी थांबून सगळ्यांची लेकरं सांभाळायची, बाकीच्यांनी रानात जायचं. कुणाचं शेंबडं नाक कुणी पुसलं, कुणाला कुणी भरवलं, हे कुणी विचारत नव्हतं. माझी श्रावणी शेजारच्या शीतलच्या मांडीवर झोपायची आणि शीतलची गौरी माझ्या हातानं खाल्ल्याशिवाय ऐकायची नाही. शीतल माझ्याहून लहान, मला वैनी म्हणायची. त्या दिवसांत मला माहेराची आठवण फारशी येत नसे.

मग शीतलच्या थांबण्याच्या दिवशीच श्रावणीला पहिली फिट आली. डोळे फिरले, हातपाय ताठले, तोंडाला फेस आला. घाबरलेल्या शीतलनं कांदा फोडून हुंगवला, चप्पल नाकाशी धरली, आमच्याकडे सगळेच करतात तेच केलं. बाकीची लेकरं रडत गल्लीत पळाली. मी रानातून धापा टाकत आले तेव्हा श्रावणी गाढ झोपली होती आणि शीतल भिंतीला टेकून बसली होती. "वैनी, माझ्यानं न्हाई व्हायचं हे," एवढंच ती म्हणाली. मला त्या वेळी तिचीच कीव आली होती.

परभणीच्या डॉक्टरांनी मिरगी म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, एकही चुकवायची नाही म्हणाले. इकडे सावड मोडली असं कुणी बोललं नाही. आमच्या गल्लीत कुणी वाईट बोलतच नाही. फक्त सकाळी लेकरं माझ्या दारावरून तशीच पुढं जायला लागली. मी ओट्यावर उभी राहिले की आया पदर सावरत विचारायच्या, "कशी हाय आता लेक?" आणि उत्तराला थांबायच्या नाहीत. एक जण दुसरीला म्हणाली ते माझ्या कानावर पडलं, "लेकरं लेकरं बघून शिकत्यात, कशाला जवळ बसवायचं?" जणू फिट म्हणजे शिवी होती, ऐकून पाठ होईल अशी. त्या वर्षी माझी वेचणी बुडाली. श्रावणी दिवसभर दारात बसायची आणि पलीकडच्या घरातला गलका ऐकायची.

तेव्हा मी देवीला बोलले. माझ्या लेकीची फिट बंद कर, तुझ्या नावानं पाच कुमारिका जेवू घालीन. गोळ्या हातानं देत होते आणि नवस तोंडानं म्हणत होते. पुढे पावसाळा गेला, थंडी आली, फिट आली नाही. सगळं खरं लिहायचं तर मनात आणखीही एक होतं. गल्लीतल्या पाच पोरी माझ्या घरी येतील, श्रावणीसमोर बसून जेवतील, त्यांच्या आया बघतील की माझी लेक बरी झालीय, आणि सावड पुन्हा सुरू होईल. नवस देवीचा होता, पण डोळा गल्लीवर होता.

मार्गशीर्षातला शुक्रवार ठरवला. आदल्या दिवशी हळदीकुंकू घेऊन घरोघर गेले. सगळ्यांनी कपाळ पुढं केलं, सगळ्या म्हणाल्या, "पाठिवतो की, देवीचं जेवण हाय." सकाळपासून पुरण घातलं, भजी, कुरडया तळल्या, पाच पाट मांडून समोर रांगोळी काढली. श्रावणीला नवा परकर घालून दिला. तिचं ताट मी स्वयंपाकघराच्या चौकटीजवळ वेगळं ठेवलं होतं. ऐनवेळी काही झालंच तर पटकन आत घेता यावं म्हणून.

दुपार कलली तरी कुणी येईना. मी बोलवायला गेले. एकीच्या पोरीला ताप होता, एक मामाच्या गावाला गेली होती, एक झोपली होती, एकीच्या घराला कुलूप. शीतलच्या दाराला आतून कडी होती आणि आत गौरीच्या पैंजणांचा आवाज येत होता. मी हाक मारली. आवाज थांबला. दार उघडलं नाही. परत आले तेव्हा श्रावणी विचारत होती, "गौरी कवा येणार?" आणि मला पुरणाच्या पातेल्याला लाथ मारावीशी वाटत होती. सासूबाई कोपऱ्यात बसून सगळं पाहत होत्या. त्या जन्मभर माझ्याशी गोड बोलल्या नाहीत, त्या दिवशीही बोलल्या नाहीत.

आमच्या घरामागच्या रानात त्या आठवड्यात मेंढ्या बसवल्या होत्या. लेंडीखत मिळावं म्हणून मेंढपाळांचा कळप रानात मुक्कामाला ठेवतात, तसा. त्या मुक्कामावरची गयाबाई आमच्या बोअरवर पाण्याला यायची. त्या दुपारी ती घागर घेऊन आली, मागं तीन पोरी, कडेवर एक तान्ही. पोरींचे पाय धुळीनं माखलेले, केस उन्हानं तांबडे झालेले. मला काही सुचायच्या आत सासूबाई ओरडल्या, "ए बाई, घागर ठेव तिथं. पोरी घेऊन आत ये."

मी हळूच म्हणाले, "आत्याबाई, नवस गल्लीतल्या पोरींचा बोललेय."

"देवीला पाच लागत्यात. कोनाच्या, हे तिनं कुठं सांगितलंय?"

"पण या तर चारच आहेत."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. "अन् आपली कोन हाय? पाचवी दारात बसलीय की."

पाच पाट मांडताना मी माझ्या लेकीला त्या पाचांत धरलंच नव्हतं. गल्लीनं तिला बाजूला काढलं म्हणून मी वर्षभर जळत होते आणि तिचं ताट मीच चौकटीजवळ वेगळं मांडलं होतं. मी ते उचलून रांगेत ठेवलं. पाचही जणींचे पाय धुतले, कुंकू लावलं. तान्हीचे पाय धुताना ती माझ्या हातातच हसली.

आणि जेवण अर्ध्यावर आलं असताना श्रावणीला फिट आली.

इतके महिने नव्हती, ती नवस फेडतानाच आली. देवीनं यावर काय म्हणायचं ते म्हणावं. मी तर त्या क्षणी तिला मनातल्या मनात नको नको ते बोलले. गयाबाई मात्र उठली, ताट बाजूला सरकवलं, श्रावणीला कुशीवर वळवून डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "व्हऊ द्या माय. आमच्या दिराच्या पोराला बी येती. येती अन् जाती." तिनं कांदा मागितला नाही, चप्पल मागितली नाही, देवाचं नावही घेतलं नाही. नुसती बसून राहिली. मला भीती होती ती पोरींची. आता या किंचाळतील, पळतील. पोरींनी एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा पोळी गुळवणीत बुडवली. थोरली डाव्या हातानं श्रावणीच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती आणि उजव्या हातानं जेवत होती.

श्रावणी भानावर आली तेव्हा तिच्या ताटातली पोळी थोरलीनं झाकून ठेवलेली होती. "हिचं जेवन ऱ्हायलंय," ती मला म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "फिटला नवस." मी चिडून विचारलं, काय फिटलं?

कळप रानात होता तोवर गयाबाई श्रावणीला मुक्कामावर घेऊन जायची आणि मी कापूस वेचायची. एकदा मी म्हणाले, तुमच्या पोरी मी सांभाळते, तुम्हीही मोकळ्या व्हा, आपण सावड करू. ती हसली. "आमी उद्या कुठं, तुमी कुठं. सावड कशी व्हायची?" मग एका सकाळी ते चुडाव्याच्या दिशेनं निघून गेले. तेव्हा मला उमगलं की मी देवीशीही सावडच करत होते. तू फिट थांबव, मी पाच ताटं वाढते. गयाबाईकडून माझ्या वाट्याला आलं ते मात्र परत करता येणारं नव्हतं.

गल्लीत थोडे दिवस कुजबुज झाली की हिनं मेंढक्यांच्या पोरी जेवू घातल्या. मग परवा शीतल सकाळीच दारात उभी राहिली. तिच्या आईला परभणीला दवाखान्यात नेलं होतं, घरात कुणी नव्हतं. "गौरीला ठेवू का वैनी, सांजपस्तोर?" माझ्याकडे न बघता तिनं विचारलं. तोंडावर दार लावावं असं मला फार वाटलं. पण गौरी तोवर आत पळालीसुद्धा होती, श्रावणीजवळ.

दुपारी दोघींना वाढताना गौरी म्हणाली, "काकू, तवा मी नवा ड्रेस घातला होता. पैंजण बी. तुमी हाक मारली, मला ऐकू आली. मग आईनं माझं तोंड दाबलं अन् आईच रडाय लागली." मी तिच्या भातावर तूप वाढलं.

संध्याकाळी शीतल आली, उंबऱ्याबाहेरच थांबली. मी विचारलं, "उद्या मला वेचायला जायचंय. श्रावणीला तुझ्याकडं ठेवू?" ती खूप वेळ गौरीची वेणी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "घरी विचारून सांगते वैनी," आणि गौरीला उचलून घेऊन गेली. अजून सांगितलेलं नाही.

मी शिवेवर जाऊन दिवा लावला. राग होताच, तोही तिथंच ठेवला, कारण तो घरी नेऊन उपयोग नव्हता. गयाबाईसाठी आणि तिच्या पोरींसाठी हात जोडले. फिट बंद कर असं आजही म्हणते, आई आहे, म्हणणारच. पण आता त्यापुढं एक वाक्य जोडते. आणि येऊच द्यायची असेल तर येऊ दे माय, फक्त तेव्हा पाटावरून कुणी उठू नये, एवढं बघ.