त्रिशूळ नव्हता तो

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफी असावी. डहाणू भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी झाडलोट करायचे, चहा द्यायचे. निवृत्त झाले तरी एक प्रकरण मनातून जात नाही.

खबऱ्याने कळवलं की तलासरीकडचा एक मजूर चारोटीला सोनाराकडे चांदीची नळी घेऊन आलाय. तासाभरात फौजदार साहेबांनी त्याला ठाण्यात आणलं. नळी बोटाएवढी, आत काळ्या अक्षरांची चामड्याची गुंडाळी, वर तीन दात्यांची खूण. हवालदार म्हणाले, त्रिशूळ आहे, देवळातली चोरी. साहेबांनी पाच वेळा विचारलं, कुठून चोरलीस? तो एकच सांगे, तेलीण आजीनं दिली, झाकण बसवायला आणली. आजी कुठे, तर परदेशी गेली. तेल्यांची म्हातारी परदेशी, यावर सगळे हसले. तरी कासा, डहाणूतल्या तेल्यांकडे चौकशी झाली. कुणी ओळख देईना. साहेबांनी गुन्हा दाखल करायचं ठरवलं. बाहेर पायरीवर त्याची बायको रडत होती.

साहेबांसमोर बोलायची मला भीती वाटायची. पण माझं माहेर अलिबागकडचं, एक शब्द डोक्यात घोळत होता. चहा देताना त्याला हळूच विचारलं, "आजीकडे घाणा होता का रे?"

"नाय बाय. शनवारी तर चूलपन नाय पेटवायची."

मग मी धीर करून म्हटलं, "साहेब, ही शनवार तेलीण. आमच्याकडे ज्यू लोकांना तसंच म्हणतात. पूर्वी ते तेल गाळायचे, पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा."

साहेब त्याला घेऊन आजींच्या बंद बंगल्यावर गेले. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरका फिकट डाग होता. नळी धरली, नेमकी बसली. शेजाऱ्यांनी आजींचा नंबर दिला. आजी फोनवर अस्सल मराठीत म्हणाल्या, "ती आमच्या दारावर लावायची प्रार्थनेची नळी. घर विकलं म्हणून मीच काढून त्याला दिली. मुंबईचे संग्रहालयवाले येतील, त्यांना दे म्हटलं. आणि तो त्रिशूळ नाही हो, आमचं अक्षर आहे, देवाच्या नावाचं."

हवालदार खाली बघू लागले.

कुठून आणली, हे सगळ्यांनी विचारलं. कुणाला द्यायची आहे, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

साहेब त्याला म्हणाले, तू जा, नळी आम्ही पोचवू. तो उठेना.

"आजीनं माज्या हातात दिली. मीच देनार."

साहेबांनी पावतीवर त्याचा अंगठा घेतला आणि नळी परत केली. पुढे संग्रहालयाची माणसं आली, तेव्हा त्याने ती ठाण्यातच, साहेबांसमोर दिली. आणि त्यांच्याकडून पावती मागून घेतली.